यामनाचा उघडा हात

"तिचा हात माझ्या मुलीला लागता कामा नये," बतूल म्हणाली आणि कपड्यांचं बोचकं तिनं माझ्या पुढ्यात आदळलं.

मी बायकांच्या सार्वजनिक हमामच्या दारातली बाई. कपडे सांभाळायचे, काळा साबण आणि मेंदी विकायची, आणि कोण कुणाशी बोलत नाही हे लक्षात ठेवायचं, एवढंच माझं काम. बतूलच्या मागे तिच्या घरच्या बायका पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभ्या होत्या. मध्ये हिरव्या ओढणीखाली तिची शामा, उद्याची नवरी. सगळ्यात मागे भिंतीला हात टेकून बतूलची आई, लल्ला इत्तो. नवरीच्या आंघोळीसाठी त्यांनी दुपारपर्यंत अख्खा हमाम घेतला होता.

मी म्हटलं, शामा चाळीस दिवसांची होती तेव्हा तिला पहिल्यांदा यामनानंच न्हाऊ घातलं, मग आजच काय झालं? बतूल म्हणाली, की तेव्हा यामना धड होती. अंगात उणं असलेली बाई नवरीच्या जवळ कशाला? शिवाय यामनाचा हात फिरला की बाईला तो आजार होतो, हे सगळ्या ताझा गावाला ठाऊक आहे.

"सगळ्या ताझाला पुष्कळ काय काय ठाऊक असतं," मी म्हटलं. "जा आत. तिलाच सांग."

माझं डोकं तापलं होतं, खोटं कशाला बोलू?

यामना आमच्या हमामात अंग रगडून देते. निम्मं आयुष्य तिनं त्या वाफेत काढलं. खरखरीत मोजा हातात चढवायचा आणि बाईच्या पाठीवरून असा काही फिरवायचा, की आठवड्याचा मळ शेवयांसारखा खाली पडतो. पण मोज्याला मळ कळतो, बाकी काही कळत नाही. आणि रगडणारीला कोण रगडणार? यामना घरी जाऊन दोन तांबे अंगावर ओतून घ्यायची आणि आडवी व्हायची. स्वतःच्या छातीत गाठ लागली तेव्हा ती म्हणाली, बादलीची कड लागली असेल. आम्हा हमामवाल्यांना सगळं बादलीचंच लागतं. मीही तिला ऑलिव्हचं तेल चोळ म्हणून सांगितलं. फेस शहरातल्या इस्पितळात जाईपर्यंत डावा स्तन काढण्यावाचून इलाज उरला नव्हता.

परत आली ती मोजा अर्धाच घालायला लागली. म्हणजे पाठ, पाय, हात मोज्यानं. छाती आणि काख मात्र उघड्या हातानं, साबण लावून, बोटं चपटी ठेवून, हळूहळू. सुरुवातीला बायका गुदगुल्या होतात म्हणून हसल्या. मग बेकरीवाल्याच्या बायकोला यामना म्हणाली, इथं काहीतरी आहे, फेसला जा. मग शाळेतल्या बाईंना म्हणाली. मग आणखी दोघींना. त्यातल्या एकीची गाठ साधी निघाली, तिचं नाव कोणी घेत नाही. बाकीच्या तिघींचे उपचार सुरू झाले आणि गल्लीत बोभाटा झाला: आधी कुणाला काही नव्हतं, यामना उघड्या हातानं धुवायला लागली आणि आजार वाढला. हा असा हिशेब. दिवा लावला म्हणून झुरळं झाली म्हणायचं.

मालकीण हज्जा रकिया तशी वाईट नाही, पण गिऱ्हाईक तुटलेलं तिला बघवत नाही. तिनं यामनाला गळाबंद झगा दिला. हा घालून काम कर, तुझा व्रण बघून बायका बिचकतात. आणि मोजा काढायचा नाही. काढलास तर दुसरीकडे काम बघ. यामनानं तो झगा त्या भट्टीसारख्या उकाड्यात आठवडाभर घातला. मग एका सकाळी गुंडाळून खरोखरच भट्टीत टाकला. हज्जानं तेव्हा चालवून घेतलं. कालच तिनं मला बजावून ठेवलं होतं, की बतूलसारख्या मोठ्या घरानं तक्रार केली तर यामनाला परत आत सोडायचं नाही.

म्हणून मी दार आतून लावलं आणि मेणबत्त्यांच्या मागोमाग आत गेले. मैत्रिणीची भाकरी जाते की राहते, ते बाहेर बसून ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

यामना गरम पाण्याच्या हौदापाशी तिच्या जागेवर बसली होती. कमरेला लुंगीसारखं फडकं, वर काही नाही. डाव्या बाजूला आडवा व्रण. बायकांनी नजरा फिरवल्या. एकीनं आजार दूर राहावा म्हणून पुटपुटत स्वतःच्या छातीला हात लावला. बतूलनं दारात म्हटलं ते पुन्हा म्हटलं, फक्त या खेपेला आवाज वाफेत घुमला.

यामना उठली नाही. "बतूल, मी आजार आणत नाही. असलेला सापडतो. नाव आहे त्याला. कॅन्सर. बोलून बघ, जीभ झडत नाही."

लल्ला इत्तो दगडी ओट्यावर टेकली होती. ती हमामात कधी अंगातली बंडी काढत नाही. जुन्या वळणाची, लाजाळू, असं आम्ही सगळ्या समजत आलो. बंडीवरूनच पाणी घ्यायची आणि मोजा नको म्हणायची. ती म्हणाली, "आमच्या वेळी हे नव्हतं, पोरी. आता घरोघरी ऐकू येतं. कुणाची तरी दृष्टच असणार."

"नव्हतं कसं, मावशी?" यामनाचा आवाज एकदम मऊ झाला. "तुमची आई कशानं गेली?"

"छातीतलं दूध नासलं होतं."

"किती वर्षांची होती?"

लल्ला इत्तोनं बोटांवर मोजायला घेतलं. "नातवंडं होती तिला."

नातवंडं असलेल्या बाईचं दूध कसं नासेल, हे आजवर त्या घरात कोणी विचारलंच नव्हतं.

"तेव्हाही होतं," यामना म्हणाली. "फडक्याखाली होतं. पण तुम्ही म्हणता तेही खोटं नाही, वाढलंयसुद्धा. मी फेसच्या डॉक्टरीणबाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, दोन्ही खरं. आता तपासणी होते म्हणून जास्त दिसतो, आणि मुळातही जास्त होतो. तुमच्या आईला नऊ पोरं, एकेकाला दोन-दोन वर्षं अंगावर पाजलं. मला एक पोर, तेही उशिरा, आणि तेव्हा शिवणाच्या कारखान्यात होते म्हणून तिसऱ्या महिन्यात बाटली. बायका जाड झाल्या, बसून राहतात, आणि जगतातही जास्त. या सगळ्यानं थोडं थोडं वाढतं. पण तुलाच का झालं, ते मात्र सांगता येणार नाही म्हणाल्या."

"म्हणजे आता नऊ पोरं काढायची का?" शामानं ओढणीखालून विचारलं. हिला नवरी म्हणून गप्प बसायला सांगितलं होतं.

"तुला हवी तेवढी काढ," यामना म्हणाली. "पण स्वतःला हात लावायला शीक."

शामा उठली, ओढणी काढून माझ्या हातात दिली आणि सरळ यामनापुढे पाठ करून बसली. बतूलनं तिचा दंड धरला. शुभ दिवस, सासरचे काय म्हणतील, तुला काही कळतं का, असं ती भराभर बोलत सुटली. शामा हलेना. बतूल ओढतच राहिली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, की हज्जाला बोलाव, आत्ताच्या आत्ता या बाईचा निकाल लाव. मी जागची हलले नाही. माझीही नोकरी गेली तर जाऊ दे, असं मला त्या क्षणी खरंच वाटलं.

"बतूल, सोड तिला," लल्ला इत्तो म्हणाली.

आणि तिनं बंडी काढली.

उजव्या स्तनाची कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी, आणि वर एक न भरलेली जखम होती. तिच्यावर औषध म्हणून मेंदी लावलेली दिसत होती. बतूलच्या हातातून शामाचा दंड सुटला.

"कधीपासून?" यामनानं विचारलं.

"शामाच्या मागणीच्या आधीपासून." म्हातारी कुणाकडेच न बघता बोलत होती. "घरात हा आजार आहे म्हटल्यावर पोरीला कोण करून घेणार? म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे. यामना, तुझा हात माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून मी मोजासुद्धा नको म्हणत होते."

यामना तिच्याजवळ जायला निघाली. म्हातारीनं हातानंच थांबवलं. "आधी नवरी. मी इतकी थांबले, आणखी थोडी थांबेन."

मग यामनानं शामाला न्हाऊ घातलं. पाठीला मोजा, छातीला उघडा हात. घासता घासता शामाला तिचाच हात धरून दाखवत होती, असं फिरव, महिन्यातून एकदा, पाळी संपली की. बायकांनी नवरीवर बादल्या ओतल्या, पण आनंदाची लू-लू आरोळी द्यायला कुणाला सुचेना. अखेर लल्ला इत्तोनंच जीभ हलवून ती दिली. बारीक, चिरकी, पण पुरी.

नंतर यामनानं म्हातारीला धुतलं. जखमेजवळ बोटसुद्धा लावलं नाही, भोवतीनं नुसतं कोमट पाणी सोडलं. परवा सकाळच्या बसनं फेसला जाऊ, मी सोबत येते, म्हणाली. आता काही उपयोग होईल का, असं लल्ला इत्तोनं विचारलं. यामना खोटं बोलली नाही. दुखणं तरी कमी करतील, म्हणाली.

नवरीला घेऊन बायका बाहेर कपडे घालायला आल्या. मोजताना एक कमी भरली, म्हणून मी पुन्हा आत डोकावले. बतूल हौदापाशी एकटीच बसली होती, भिंतीकडे तोंड करून. एक हात डोक्यावर धरलेला, दुसऱ्या हाताची बोटं काखेखाली चाचपडत होती, चुकीच्या जागी, घाईघाईनं. यामना तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिची बोटं हलकेच सरकवून बरोबर जागी ठेवली.

तेवढ्यात बाहेरून हज्जानं दार ठोठावलं. दुपारचं गिऱ्हाईक खोळंबलंय, उघड म्हणाली.

मी कडी लावलेली आहे ना, ते एकदा बघितलं, आणि खाली बसून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.