पायपुसण्यावरचा देवचौक

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. डहाणू तालुक्यातल्या रानशेतच्या एका पाड्यावर, समाजमंदिराच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला. माझ्या दोन शिंगांपैकी एक मोडले आहे आणि पांढरा रंग पिवळा पडला आहे. तुमच्या फोनमधून निघालेले फोटो, निरोप, गाणी आमच्यासारख्यांच्या हातांतून पुढे जातात. आम्ही दिसत नाही, म्हणून कोणी आमची आठवण काढत नाही. आज मात्र मला तुम्हाला काही सांगायचे आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तेथे आम्हाला सर्वांत आधी बोली शिकवली गेली. ही बोली कोणा एका राजाने ठरवलेली नाही. देशोदेशीची माणसे एकत्र बसली, भांडली, पुन्हा बसली, आणि जगातल्या सगळ्या यंत्रांसाठी त्यांनी एकच बोली ठरवली. आजही एक संस्था ती बोली सांभाळते, दुसरी यंत्रांना क्रमांक वाटते, तिसरी संकेतस्थळांची नावे पाहते. म्हणून तर रानशेतचा निरोप थेट ब्राझीलला पोहोचतो आणि वाटेत त्याला कोणी ‘तू कोणाचा’ असे विचारत नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

माझी पहिली वर्षे चिखल्याला जतीनच्या घरी, चिकूच्या वाडीत गेली. जतीन संगणकाचे शिकलेला. घरात नवा राऊटर आला तेव्हा त्याने मला टाकून न देता आपल्याबरोबर शिकलेल्या कविताला दिले. कविता रानशेतची. पाड्यावरच्या वारली बायकांची चित्रे तिला बाहेरच्या जगापर्यंत न्यायची होती. जतीनच्या मदतीने तिने संकेतस्थळ उघडले आणि त्याचे नाव मराठी अक्षरांत घेतले. ते नाव पहिल्यांदा पडद्यावर उमटले तेव्हा बायका एकमेकींना ढकलून पाहत होत्या. ते नाव मीच आणले होते. माझे दिवे त्या दिवशी जरा जास्तच लुकलुकले असतील.

त्या बायकांत सगळ्यांत मान होता बारकीला. ती कविताची आत्या. कविता तिला फुई म्हणे. पाड्यावर कोणाचेही लग्न असो, घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवचौक लिहायला बारकीलाच बोलावणे येई. चौकाच्या मधोमध पालघट देवी असते. तिच्या साक्षीने लग्न लागते. कागदावर विकायच्या चित्रांत बायका ताडाची झाडे, बैल, तारप्याचा नाच काढत. देवचौक मात्र विकायचा नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवले होते.

कविताने संकेतस्थळावर बारकीचा एक फोटो लावला. लग्नघराच्या भिंतीपाशी ती चौक लिहीत बसलेली, आणि खाली तिचे नाव. लोकांना कळावे, ही चित्रे कोणाच्या हातची आहेत, एवढाच तिचा हेतू.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. “तुमच्याकडून मागवलेलं पायपुसणं फार सुरेख आहे,” त्या बाई म्हणाल्या. कविता गोंधळली. तिने शोधले तेव्हा एक दुसरेच संकेतस्थळ सापडले. नाव जवळजवळ तेच, फक्त इंग्रजी अक्षरांत. कोणी परदेशात बसून ते दुकान चालवत होते. फोटोतला देवचौक त्याने पायपुसण्यांवर छापला होता आणि कोपऱ्यात बारकीचे नाव घातले होते.

बारकीने पडद्यावर ते पाहिले. 

“लोक देवीवर पाय पुसतात?” तिने विचारले.

“हो, फुई.”

“आनि नाव माझं.”

ते चित्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेले. माझ्यावरूनच गेले. बारकीने देवी विकली, असे लोक म्हणू लागले. पाड्यातल्या जाणत्या शुक्राच्या मोठ्या नातीचे लग्न जवळ आले होते. तो स्वतः समाजमंदिरात आला आणि उभ्यानेच म्हणाला, “बारके, माझा तुझ्यावर राग नाय. पन पोरीच्या लग्नात लोक बोट दाखवतील. यंदा चौक दुसरी कोनी लिवंल.”

“लिवू दे,” बारकी म्हणाली.

तिचा नवरा जिव्या दाराशी बसला होता. तो चिडला. “तू खोटी नाय, तर मान खाली कशाला घालतेस?” 

कविताने तक्रारी धाडल्या. नावे पाहणाऱ्या जागतिक संस्थेने कळवले, ‘आम्ही फक्त नावांचा कारभार पाहतो. त्या नावाच्या दुकानात काय विकले जाते, हे आमच्या कक्षेत येत नाही.’ कलेचे हक्क पाहणाऱ्या दुसऱ्या जागतिक संस्थेने कळवले, ‘नावाच्या साधर्म्याचा प्रश्न असल्यास नावांच्या संस्थेकडे जावे.’ पोलिसांनी सांगितले, दुकान परदेशात आहे, आमचा हात तिथवर पोहोचत नाही. सगळ्यांची भाषा अगदी नम्र होती. मित्रांनो, त्या दोन मोठ्या संस्थांची उत्तरे माझ्यावरून रानशेतला येत, पण त्या दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलत नव्हत्या. आम्हा यंत्रांना बोलायला शिकवणाऱ्या माणसांचे हे वागणे पाहून मला वाईट वाटे.

मग जतीन एक बातमी घेऊन आला. इंटरनेटच्या कारभारावर एक जागतिक सभा भरणार होती. या दोन्ही संस्था तेथे येणार होत्या आणि दुरूनही बोलता येणार होते. सभेच्या दुपारी सगळा पाडा समाजमंदिरात जमला. शुक्रा मात्र आला नाही. बारकी आपल्या बोलीत बोलली आणि कविताने ते इंग्रजीत सांगितले.

“मी चौक विकला नाय,” बारकी म्हणाली. “माझं नाव त्याच्यावरनं काढा. शुक्राच्या मोठ्या नातीचा चौक मला लिवायला मिळाला नाय. धाकटी हाय अजून. तिच्या लग्नाआधी काढा.”

 तिकडून नावांच्या संस्थेच्या बाई म्हणाल्या, “यासाठी आम्हा दोघांना एकत्र बसावं लागेल.” हक्कांच्या संस्थेचे गृहस्थ म्हणाले, “नक्कीच.” टाळ्या वाजल्या. जिव्या त्या दिवशी फार खूश होता. घरी जाताना त्याने दोन ठिकाणी थांबून लोकांना सगळे सांगितले.

दोन्ही संस्थांची मिळून एक समिती नेमली गेली. मग समितीचे अधिकार काय, हा प्रश्न निघाला. बैठक कोणी बोलवायची, हा दुसरा प्रश्न निघाला. ते सुटेपर्यंत पुढच्या सभेचे वर्ष आले.

“बसले काय ते?” बारकी अधूनमधून विचारायची.

“बसतील, फुई,” कविता म्हणायची.

त्या पावसाळ्यात जिव्याला कावीळ झाली. घरच्यांनी त्याला डहाणूच्या दवाखान्यात नेले, पण तो परत आला नाही. ‘बंद झालं का रे ते दुकान?’ असे तो शेवटपर्यंत जतीनला विचारत होता.

उन्हाळ्यात निरोप आला. दोन्ही संस्थांची माणसे अखेर एका टेबलाशी बसली होती. काम फार अवघड नव्हते. एकीने चित्राची चोरी झाल्याचे मान्य केले, दुसरीने ते नाव नोंदवणाऱ्या कंपनीला कळवले, आणि दुकान त्याच दुपारी बंद झाले. एका दुपारचे काम होते, मित्रांनो.

कविताने तो निरोप सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्यात स्पष्ट म्हटले होते, की बारकीचा यात काही दोष नाही. या वेळी शुक्रा आला होता. तो बारकीसमोर येऊन खाली बसला.

“बारके, माझं चुकलं,” तो म्हणाला. “धाकटीचं लगीन ठरलंय. चौक तू लिव.”

बारकीने आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिले. “भाऊ, चौक सवाशिनीनं लिवायचा असतो,” ती म्हणाली. “मी आता सवाशीन नाय.”

शुक्राला हे ठाऊक नव्हते असे नाही. माफी मागायच्या घाईत तो विसरला होता. तो तसाच बसून राहिला. कविता निरोप वाचलेला पडदा मिटायचेही विसरली.

लग्न झाले. चौक दुसऱ्या बायकांनी लिहिला. बारकी अंगणात बसून त्यांना चौकासाठी तांदूळ वाटून देत होती, असे कविताने दुसऱ्या दिवशी जतीनला सांगितले. तिने भिंतीकडे एकदा तरी पाहिले का, ते मला ठाऊक नाही. लग्नघर माझ्या टप्प्याबाहेर आहे.

आता माझे दिवस भरत आले आहेत. पाड्यावरच्या फोनांना आपले आपले जाळे मिळते, माझी फारशी गरज उरलेली नाही. त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या मोठ्या संस्थांत मोठ्या खुर्च्यांवर बसतील. तुमच्यापुढे कोणाची तक्रार आली आणि ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे लिहावेसे वाटले, तर लिहिण्याआधी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी एकदा बोला. तुमच्या सभा पुढच्या वर्षावर टाकता येतात. वाट पाहणाऱ्या माणसाचे आयुष्य पुढे ढकलता येत नाही.