मालनबाईंची मंदी

यंत्रापर्यंत पोचायला रतनशेठने गव्हाचे तीन डबे पायानेच बाजूला सारले. मालनबाईंच्या कपाळावर आठी उमटली. त्यांची लेक तनुजा खराडीच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून या माणसाला घेऊन आली होती. सौदा जमला तर हडपसरची ही पिठाची गिरणी आजच विकली जाणार होती.

दोष तनुजाचा नव्हता. कसं चाललंय, असं कुणी विचारलं की मालनबाई बावीस वर्षं एकच उत्तर देत आल्या होत्या: मंदी आहे. चांगलं चाललंय म्हटलं की दृष्ट लागते, हे सासूने शिकवलेलं. दारातली लिंबू-मिरची शनिवारी बदलायची आणि मंदी रोज सांगायची. रांगेतली माणसंही तसलीच. डबा काठोकाठ भरून आणायचा आणि दळण होईपर्यंत देश कसा बुडाला ते ऐकवायचं. लेकीने मात्र ते सगळं खरं मानलं. आईचे हाल बघवेनात म्हणून तिने गिरणीच विकायला काढली. माया खरी, पण काय हा भाबडेपणा!

रतनशेठने पट्टा चाचपला. हल्ली सगळे पिशवीतलं पीठ आणतात, गिरणीत कोण येतं, असं म्हणत त्याने पडेल भाव सांगितला.

"मंदी आहे, मावशी. तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणते," मालनबाई म्हणाल्या. मग रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात, "खोटं म्हणते. धंदा जोरात हाय. मला दुसरी गिरणी बसवायची हाय. ही विकायची न्हाई."

रांगेत मागून एका आजोबांनी, मग दळणाचा दर कमी करा, असं तेवढ्यात सुनावलं.

"ते डबे व्हते तिथं ठेवा," त्या रतनशेठला म्हणाल्या. "हातानं."

तो डबे ठेवून निघून गेला. मालनबाईंनी गिरणी सुरू केली. तनुजा जवळ आली.

"फी झेपणार नाही म्हणून मी पुढचं शिक्षण सोडलं, आई. तेव्हाही खोटंच होतं?"

गिरणीच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं दाखवता आलं असतं. मालनबाईंनी बटण दाबून गिरणी बंद केली.

"व्हय. चुकलं माझं. आता घे प्रवेश. भाईर बघ आन् तूच सांग, झेपतंय का."

तनुजा दारात गेली. डब्यांची रांग कोपऱ्यावरच्या रिक्षा थांब्याच्याही पुढे गेली होती.