कोठीतल्या ऑफिसातली समोरची खुर्ची

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मला उजवा हात नाही. बदनापूरच्या एका घराच्या ओसरीवर माझा मुक्काम असतो, आणि येणारा-जाणारा माझ्याकडे पाहून हळहळतो, "अरेरे, चांगली खुर्ची होती, मोडली वाटतं!" मित्रांनो, मी मोडलेली नाही. माझा हात करवतीने कापलेला आहे. आणि ज्यांनी तो कापला, त्यांच्याइतकी माया माझ्यावर दुसऱ्या कोणी केली नाही.

माझा जन्म अंकुशनगरच्या साखर कारखान्यातला. तिथल्या शेतकी ऑफिसात राजानंद साहेबांच्या टेबलासमोर माझी जागा होती. साहेबांच्या खुर्चीला गादी होती, ती गोल फिरायची. मला यातलं काही नव्हतं, पण खरी ऐट माझीच! आपला ऊस कधी तुटणार, याची तारीख विचारायला शेतकरी यायचे आणि दारातच घुटमळायचे. साहेबांनी माझ्याकडे हात करून "बसा" म्हटलं, की त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

साहेबांचा एक शिरस्ता होता. पाळी बदलण्याचा भोंगा झाला, की बोलणं अर्धवट टाकून ते उभे राहायचे. माझ्या मागूनच कामगार हजेरीला जायचे, म्हणून माझ्यावर बसलेल्यालाही ते उठवायचे. मग तो कितीही मोठा बागायतदार असो. "भोंगा झाला. ड्युटीवर जाणाऱ्याची वाट सोडा," एवढंच म्हणायचे. शेजारच्या टेबलाचे कारकून मच्छिंद्रनाना तर अगदी ताठ उभे राहायचे. रोज सकाळी मला फडक्याने पुसणारे हेच नाना. त्यांची नोकरी संपली त्याच वर्षी कारखान्याने जुनं सामान काढलं, आणि नानांनी मला टेम्पोत घालून बदनापूरला आणलं.

घरी मात्र माझी रवानगी कोठीत झाली. माझ्यावर ज्वारीची पोती आली. कितीतरी वर्षं मी "बसा" हा शब्द ऐकला नाही. एक उंदीर तेवढा नेमाने यायचा, त्याला कोण बसा म्हणणार!

मग नानांच्या मुलाचं लग्न झालं आणि प्रियदर्शनी या घरात सून म्हणून आली. ती पुण्यातल्या एका कंपनीत होती. लोकांच्या वॉशिंग मशीन बिघडल्या, की ते कंपनीला फोन करत आणि ती त्यांची तक्रार ऐकून घेई. लग्नानंतरही हे काम घरी बसून करायला कंपनी तयार झाली. ते ऐकून नानांचा आनंद गगनात मावेना. "आपल्या घरात ऑफिस होऊन राह्यलं!" असं ते गल्लीभर सांगून आले.

त्यांनी मला तेवढं कोपऱ्यात ठेवून बाकी कोठी रिकामी केली आणि चुना मारून घेतला. सूनबाईच्या कोपराची उंची मोजून टेबल बनवलं. उजेड चेहऱ्यावर पडावा म्हणून ट्यूबलाइट समोरच्या भिंतीवर लावली. लाइट गेली तर काम अडू नये, म्हणून दाराला लागून सिमेंटची फळी टाकली आणि तिच्यावर इन्व्हर्टर आणि इंटरनेटचा डबा ठेवला. सगळं कसं बराबर केलं. आणि शेवटी मला पॉलिश करून टेबलासमोर मांडलं.

तिथेच चूक झाली, मित्रांनो. कोठी अरुंद. टेबल एका भिंतीला टेकलेलं, दुसऱ्या बाजूला जेमतेम दीड फूट वाट, आणि त्या वाटेच्या तोंडाशी मी. माझ्यावर कोणी बसलं, की प्रियदर्शनीला बाहेर पडता येत नसे. मीही अडकलेच होते. ती फळी झाल्यापासून मला तिरपं करून दाराबाहेर काढायला जागाच उरली नव्हती. खिडकी नव्हती. दिवसाचे नऊ तास आम्ही दोघी त्या कोठीत समोरासमोर कोंडलेल्या असायचो.

आणि समोर रिकामी खुर्ची दिसली, की माणसं येणारच! नाना प्रत्येकाला कौतुकाने आत आणत. कोणाला पीकविम्याचा फॉर्म भरायचा असे, कोणाला आधार कार्डाचं काहीतरी विचारायचं असे. शेजारच्या द्वारकाबाई तर दिवसाआड येत.

"चालू दे माय तुझं," त्या माझ्यावर टेकत म्हणायच्या. "म्या काय बोलून राह्यले का? गप बसते." आणि पुढच्याच क्षणाला, "का गं, तुझ्या सासूनं, उषाबाईनं आज वांगे केले का?"

तो प्रश्न पलीकडच्या गिऱ्हाइकाला ऐकू गेला आणि प्रियदर्शनीला कंपनीची पहिली लेखी ताकीद आली. महिन्याभरात दुसरी आली, कारण नाना कोणाला तरी खोली दाखवत मोठ्याने बोलत होते. दुसरं पत्र तिने पुटपुटत वाचलं, म्हणून मला कळलं. आणखी एक ताकीद आली, की घरून काम बंद. पुण्याला या, नाहीतर नोकरी सोडा. ते वाचून तिने डोळे पुसले, कानाला हेडफोन लावला आणि हसऱ्या आवाजात म्हणाली, "नमस्कार, मी आपल्याला काय मदत करू शकते?" मला फार वाईट वाटलं. जन्मभर ज्या बसण्याचा मी तोरा मिरवला, तेच तिच्या मुळावर आलं होतं.

तिने एकदा सांगून पाहिलं होतं. "नाना, ही खुर्ची बाहेर ठेवली तर?"

नानांचा चेहरा उतरला. "समोर खुर्ची न्हाई तर ते ऑफिस कसलं, सूनबाई? साहेबाची खुर्ची हाय ती." ती पुन्हा काही बोलली नाही. ताकिदीचंही तिने घरात सांगितलं नाही. सोडून दे नोकरी, असं कोणी म्हणेल याची तिला धास्ती होती.

आणि मग तो दिवस उजाडला. दुपारी दीड ते दोन प्रियदर्शनीची जेवणाची सुट्टी असे. ती नुकतीच बाहेर गेली होती, तेवढ्यात काठी टेकत खुद्द राजानंद साहेब आले. ऐंशी ओलांडलेले, कानाने अधू. नानांना काय करू नि काय नको असं झालं. सूनबाईचं ऑफिस दाखवायला ते साहेबांना कोठीत घेऊन आले. हौसेने स्वतः टेबलामागे जाऊन बसले आणि साहेबांना माझ्यावर बसवलं. तो ओळखीचा भार अंगावर आला आणि क्षणभर मीही सगळं विसरले.

साहेब बोलत सुटले. जुने हंगाम, जुनी माणसं. दोनला पाच मिनिटं कमी असताना प्रियदर्शनी दारात येऊन उभी राहिली. साहेबांची पाठ तिच्याकडे होती. त्यांना ती दिसली नाही, तिची हाकही ऐकू गेली नाही.

"नाना," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मला आत येऊ द्या."

नाना उठायला गेले आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बाहेर निघता येत नाही. निघायचं तर साहेबांना उठवायचं. ज्यांच्यापुढे तीस वर्षं मान वर केली नाही, त्यांना उठा म्हणायचं? ते मटकन खाली बसले. रोज सूनबाई जिथे अडकत होती, तिथे आज ते अडकले होते.

"नाना, दोन वेळा लेखी ताकीद आलीय मला. आता तिसरी आली तर काम जाईल," प्रियदर्शनी म्हणाली.

"अन् सांगितलं का न्हाई गं?" नाना म्हणाले.

मागून उषाबाईंचा आवाज आला. "कधी सांगंल ती? तुमी तिच्यासमोरची खुर्ची कधी रिकामी ठेवली का?"

घड्याळात दोन मिनिटं उरली होती. साहेब अजून उसातल्या साखरेच्या उताऱ्याबद्दल सांगत होते. मला पाय असून काय उपयोग, मित्रांनो! मला सरकता येत नव्हतं. नाना मात्र उभे राहिले, अगदी ताठ. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी साहेबांचं बोलणं तोडलं आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, उठा. भोंगा झाला."

साहेब थबकले. त्यांनी मान वळवली, दारातली पोर पाहिली आणि काठीवर भार देऊन लगबगीने उठले. "अरे, मंग आधी सांगायचं न्हाई का, मच्छिंद्र! ड्युटीवर जाणाऱ्याची वाट अडवून राह्यलो ना मी!"

मला बाजूला सरकवून ती आत शिरली, तेव्हा दोनला काही सेकंदच उरले होते.

संध्याकाळी तिचं काम संपलं आणि नाना करवत घेऊन आले. फळी फोडायची तर इन्व्हर्टर काढावा लागणार, माझा हात सांध्यातून सोडवायला सुतार दोन दिवस येणार नाही, आणि तोवर मला आत ठेवायला ते तयार नव्हते. त्यांनी माझ्या उजव्या हातावरून फडकं फिरवलं, जसं कारखान्यात फिरवायचे. मग करवत चालवली. दुखलं का? दुखलं. पण दाराबाहेर येताना अंगाला वारा लागला, तो मी विसरणार नाही.

आता कोणी आलं, की नाना मला ओसरीवर पुढे करतात. लोकांचे फॉर्म ते स्वतःच चष्मा लावून वाचतात. द्वारकाबाईंची वांगीही तिथेच शिजतात. अधूनमधून प्रियदर्शनी बाहेर येऊन पाय मोकळे करते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काम करत बसलं असेल, तर त्याला टेबल द्या, दिवा द्या, पंखा द्या. पण त्याला उठायला वाट आहे का, तेही बघा. आणि तो गप्प असला, म्हणून त्याला त्रास नाही असं समजू नका. मी चार पायांची असून मला हे कळायला एक हात द्यावा लागला.

बदनापुरात भोंगा वाजत नाही. पण दोन वाजायला आले, की नाना माझ्यावरून उठून उभे राहतात. ओसरी चांगली ऐसपैस आहे, कोणाचीच वाट अडत नाही. प्रियदर्शनी जाता जाता हसते, "बसा की हो नाना."

ती आत जाऊन दार लावून घेते, मगच नाना बसतात.