बिनधुराची रिक्षा

मित्रांनो, मी धूर न सोडणारी एक जुनी रिक्षा आहे. सध्या त्र्यंबकजवळच्या एका पाड्यावर, हिरामणच्या पडवीत उभी असते. माझ्या सीटखाली शिशाच्या आठ बॅटऱ्या होत्या. आता तिथे कोंबडी अंडी उबवते. मला त्याचे वाईट वाटत नाही. फारसे काहीच वाटत नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका लहान कारखान्यात झाला. २००३च्या सिंहस्थाच्या तोंडावर मी त्र्यंबकेश्वरला आले. यात्रेकरूंना एसटी स्टँडवरून देवळापर्यंत न्यायचे, एवढेच माझे काम. हिरामणने मला घेतले त्याला कारण होते. त्याची बायको चिमणाबाई स्टँडसमोर बेल-फुले विकायची, आणि तिला दमा होता. दिवसभर डिझेलच्या रिक्षा तिच्या तोंडावर धूर सोडून जात. त्यातली एक हिरामण स्वतः चालवायचा. धुरापासून लांब राहा, असे डॉक्टरांनी तिला बजावले होते. पण ती जागा सोडली तर धंदाच बसणार होता. म्हणून हिरामणने रिक्षा बदलली.

मला आवाज नव्हता, त्यामुळे माणसे वाटेतून हलत नसत. हॉर्न दिला की म्हाताऱ्या दचकत. शेवटी हिरामणने माझ्या पुढच्या दांड्याला बैलाची घुंगुरमाळ बांधली.

"हिरामण, बैल कुठं सोडलं रं?" डिझेल रिक्षावाला पुंजा रोज विचारायचा.

"पोटात हायेत. आठ हायेत," हिरामण म्हणायचा.

पहिली दोन वर्षे चांगली गेली. एका शाळेची सहल आली, तेव्हा सायलीबाई नावाच्या शिक्षिकेने मुलांना माझ्या मागे उभे करून वास घ्यायला सांगितले. वास आला नाही. माझे पाहून आणखी तिघांनी बॅटरीच्या रिक्षा घेतल्या. चिमणाबाई पूर्वी रात्र रात्र भिंतीला टेकून बसायची. आता ती आडवी होऊन झोपते, हे हिरामण ओळख नसलेल्या प्रवाशांनाही सांगायचा.

माझे अन्न म्हणजे वीज. चिमणाबाईच्या टपरीमागच्या भिंतीवर हिरामणने प्लग बसवून घेतला होता, म्हणजे चार्जिंगला लावले की तिचे माझ्यावर लक्ष राहील. ती वीज बहुतेक कोळसा जाळूनच तयार होत असे. म्हणजे मलाही धूर होता, तो दूरच्या एका चिमणीतून निघत होता. पण तो चिमणाबाईच्या तोंडावर नव्हता, हेही तितकेच खरे.

मग २००५ साल आले आणि भारनियमन वाढले. दिवसाचे आठ-दहा तास वीज नसे. पुंजाने रिक्षा विकून डिझेलवरचा जनरेटर आणला आणि दुकानांना लाइन द्यायला सुरुवात केली. हिरामणनेही लाइन घेतली.

"मशीन ठिवू कुठं?" पुंजाने विचारले.

"हितंच ठिव, टपरीमागं. माझा प्लग हितंच हाय."

त्याने क्षणभरही विचार केला नाही. धूर माझ्यातून निघत नव्हता, तेवढे त्याला पुरेसे होते.

आठवड्याभराने चिमणाबाई पदर नाकाला लावून म्हणाली, "आधी धूर यायचा आन् जायाचा. ह्यो बसूनच ऱ्हातो."

"श्रावणाची गर्दी हाय. एवढा श्रावण काढू. मग बघू."

"तुमी बघा. मी हितंच हाय."

तिसऱ्या सोमवारी ती फुलांच्या टोपलीवर कलंडली. तिचे ओठ निळसर पडले होते. तिला गावातल्या दवाखान्यात मीच नेले. माझ्या बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या होत्या. त्या कशाने भरल्या होत्या, हे हिरामणला माहीत होते.

तिथून तिला नाशिकला हलवले; अकरा दिवसांनी ती घरी आली. टपरी पुन्हा उघडली नाही. हिरामणने जनरेटरची लाइन काढून टाकली. येईल तेव्हा, येईल तेवढ्या विजेवर तो मला चालवू लागला. शिशाच्या बॅटऱ्या सतत अर्धवट भरल्या तर त्यांच्या पट्ट्यांवर क्षार धरतो. माझ्या आठही बॅटऱ्या दीड वर्षात एकामागून एक गेल्या. एक भंगारवाला त्या घेऊन गेला. त्यातले आम्ल त्याने कुठे ओतले, ते मला माहीत नाही. शिसे कुजत नाही, एवढे माहीत आहे.

२००८ साली शेखर नावाचा एक तरुण विक्रेता पाड्यावर आला.

"नवा सेट टाका, काका. गाडी परत पळेल. पृथ्वी तापतेय, त्याच्यावर हाच इलाज आहे."

हिरामणने चिमणाबाईकडे पाहिले. ती दाराशी बसली होती.

"चारजिंग लाइटीवरच ना?" तिने विचारले.

"हो, मावशी."

"मंग लाइट कशावर?"

"कोळशावर. पण पुढे उन्हावर, वाऱ्यावर पण होईल म्हणतात."

"झाली का?"

"अजून थोडीच."

"आन् जुन्या बॅटऱ्या कुठं जात्यात?"

शेखरने हातातले माहितीपत्रक उलटून पाहिले. "खरं सांगू का मावशी, ते मलापण माहीत नाही."

"मंग इचारून ये," ती म्हणाली. "च्या घेऊन जा."

मित्रांनो, उद्या तुमच्या रस्त्यांवर माझ्यासारख्या पुष्कळ गाड्या येतील. त्यांना देव मानू नका, टाकूनही देऊ नका. फक्त चिमणाबाईने विचारले तेवढे विचारा, आणि उत्तर पुरे मिळेपर्यंत विचारत राहा. शेखर अजून परत आलेला नाही. ती वाट पाहते आहे, असेही नाही. चार पावले चालली की थांबते, दाराला हात टेकते, आणि पुरवून पुरवून श्वास घेते.