धाकटीचं पान

"मावशी, झालं का तुमचं? मला नंबर काढायचाय."

मागून कुणीतरी असं म्हणालं तशी थोरली दचकली. दवाखान्याच्या दारातल्या यंत्राला तिनं आपलं ओळखपत्र टेकवलं होतं आणि समोरच्या काचेवर तिच्या धाकट्या जावेचा फोटो उघडला होता. ओठ हलवत, एकेक शब्द जोडत ती 'लहान मुलांचे प्लास्टर' इथपर्यंत आली होती. त्यापुढे हिरवी खूण होती आणि खुणेपुढे तपासायला बाहेरून आलेल्या डॉक्टरांचं नाव.

"झालं, झालं," म्हणत तिनं हातातल्या फडक्यानं काच पुसली. जणू ती पुसायलाच तिथं उभी होती.

एक्स-रे काढणाऱ्या एकाचा दाखला बनावट निघाला, तेव्हापासून दवाखान्यानं हे सुरू केलं होतं. कोण कुठं शिकलं, कोणतं काम येतं, ते कुणी तपासलं, हे प्रत्येकाच्या नावाचं पान काढून सगळ्यांसाठी उघडं ठेवलं होतं. दारातल्या यंत्रावर बघा, नाहीतर घरी फोनवर बघा. धाकटीचं पान खाली सरकवत गेलं तरी संपत नव्हतं. थोरलीच्या पानावर फोटो होता आणि त्याखाली 'तपासणी बाकी' एवढंच. महिनाअखेरपर्यंत तपासणी झाली नाही, तर तिला प्लास्टरच्या खोलीतून हलवून कपड्यांच्या खोलीत पाठवणार होते.

धाकटीला या दवाखान्यात तिनंच आणलं होतं. घरात नवी आलेली ती पोरगी भाकरीसुद्धा वाकडी थापायची. पट्टी पाण्यात किती वेळ ठेवायची, बुडबुडे थांबले की कशी पिळायची, कापसाचा थर कुठं जाड घ्यायचा, हे सगळं तिला थोरलीनं दाखवलं. मग धाकटीनं कामावरून सुटल्यावर अभ्यास केला, परीक्षा दिल्या आणि बघता बघता ती 'मॅडम' झाली. थोरली मात्र 'मावशी'च राहिली. थोरलीला चार अक्षरं वाचायलाही धाकटीनंच शिकवलं होतं, आणि तेही आता तिला टोचायचं. तिनं शिकवलं नसतं तर तिचं पान वाचून जळायची वेळ तरी आली नसती.

त्या दिवशी दुपारी चहाच्या वेळी रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, मॅडमचं पान त्यांच्या नवऱ्यानंसुद्धा इतक्या वेळा बघितलं नसेल हो!"

सगळे हसले. थोरलीच्या हातातला कप तसाच राहिला.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? खाली लिहिलेलंच असतं की."

नोंदणीच्या खिडकीवरची मुलगी जरा बऱ्या मनाची होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, ओळखपत्र लावून बघितलं की बघणाऱ्याचं नाव पण तिथं उमटतं. उघडं म्हणजे सगळंच उघडं ठेवलंय त्यांनी. तुम्हाला माहीत नव्हतं का?"

थोरलीला माहीत नव्हतं. ओळखपत्राशिवाय यंत्र चालत नाही, अशीच तिची समजूत होती. रोज सकाळी, संध्याकाळी, कधी जेवणाच्या सुट्टीत ती ते इमानानं टेकवत होती, आणि धाकटीच्या पानाखाली तिचंच नाव एकाखाली एक चढत होतं. एखाद्याच्या दाराला कान लावावा आणि आतून ते दार सताड उघडं निघावं, तसं तिला झालं.

"कामाचं असतं म्हणून बघते," ती म्हणाली आणि चहा न पिताच उठली.

घरी गेल्यावर तिनं भांड्यांवर राग काढला. नवरा आतून म्हणाला, "अगं, फोडशील ती. नेमकं झालंय काय तुला?"

"मला काय होतंय? मी बरी आहे."

"पातेल्याला विचारतो मग."

एवढ्यात धाकटी ओट्याशी येऊन उभी राहिली. पानाबद्दल ती काही बोलली नाही. तिला ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, आणि ती बोलत नव्हती म्हणून थोरलीचा जास्तच जळफळाट झाला.

"ताई, तुमची तपासणी माझ्याकडं आलीय," धाकटी म्हणाली.

"का? डॉक्टर संपले का सगळे?"

"प्लास्टरची तपासणी करायचा अधिकार आपल्याकडं मला एकटीलाच आहे. मी म्हटलं त्यांना, घरातलं माणूस नको, दुसरं कुणी बघा. बाहेरून माणूस यायचा तर महिना उलटून जाईल. म्हणून हाडांचे डॉक्टर शेजारी उभे राहणार आहेत. आणि तुमच्या पानावर नातंही लिहायचं ठरलंय. तपासणारी कोण, तर जाऊ."

"म्हणजे गावभर बोभाटा."

"लपवलं तर जास्त बोलतील."

 थोरलीनं ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. धाकटीनं पास केलं तर लोक म्हणतील, घरचं माणूस. नापास केलं तर म्हणतील, जावाजावांचं कधी पटलंय? पण तिच्या मनात तिसरंच होतं. धाकटीनं आपल्याला मुद्दाम पाडावं, असंच तिला वाटत होतं. मग जळायला एक रीतसर कारण मिळालं असतं. आजवर धाकटीनं तेवढंही दिलं नव्हतं.

तपासणीला पहिला आला तो नडगी मोडलेला रंगारी. थोरलीनं प्लास्टरखालचा मोजा चढवला, कापूस गुंडाळला, पट्ट्या भिजवून सैलसर हातानं फिरवत नेल्या. टाच आली तशी गती कमी केली, घोट्याशी वळवली, कुठं सुरकुती पडू दिली नाही. रंगारी म्हणाला, "मावशी, भिंतीला पुट्टी मारायला येता का माझ्याकडं?" डॉक्टर हसले. धाकटी हसली नाही. ती घोट्याभोवती डोळे फिरवत होती. मग तिनं मान डोलावली.

मग एक गुडघा आणि एक कोपर तसंच पार पडलं. शेवटी आली एक लहान मुलगी, अंगठ्याशी हाड चिरलेली. हात केवढा, तर थोरलीच्या मुठीत मावेल एवढा. ओल्या प्लास्टरला आकार तळव्यानं द्यायचा, बोटांनी नाही, हे थोरलीनंच धाकटीला शिकवलं होतं. पण अलीकडं तिच्या बोटांचे सांधे धरायचे. तळवा सपाट पडायचा नाही आणि नकळत अंगठ्यानं दाबलं जायचं. मोठ्या पायावर ते खपून जायचं.

काम झाल्यावर धाकटीनं मुलीच्या मनगटाजवळ वाकून पाहिलं.

"ताई, इथं खळगा पडलाय."

"कुठं?"

"इथं. तुमच्या अंगठ्याचा."

डॉक्टर म्हणाले, "चालतं हो एवढं."

"नाही चालत, सर. आतून टोचेल. लहान मूल सांगणार नाही आणि जखम होईल."

प्लास्टर अजून ओलं होतं. धाकटीनं ते उलगडून टाकलं आणि नवीन पट्टी भिजवली. थोरली बाजूला उभी राहून बघत होती. बुडबुडे थांबायची वाट बघणं, दोन्ही टोकं धरून पिळणं, मनगटाशी किंचित थांबणं, सगळं तिचंच होतं. हात मात्र तिचे नव्हते. तळवे त्या इवल्याशा हातावरून असे सपाट फिरत होते, की थोरलीची नजर त्यांच्यावरून हटेना. इतके दिवस ती हिरव्या खुणांवर जळत होती. त्या खुणा आता तिला फुकट दिल्या असत्या तरी नको होत्या. तिला ती बोटं हवी होती.

संध्याकाळी धाकटीनं फोन तिच्यापुढं धरला. "वाचा. तुम्ही हो म्हटल्याशिवाय कुणाला दिसणार नाही."

थोरलीनं सावकाश वाचलं. 'पाय, गुडघा, कोपर: स्वतंत्रपणे करतात. बोटे आणि लहान मुले: सोबत दुसरे कुणी असावे.' खाली तपासणारीचं नाव होतं आणि त्यापुढे 'जाऊ'.

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग कपड्यांची खोली. तिथं कुणी काही विचारत नाही."

"तुला मजा वाटली असेल आज."

धाकटीनं फोन खाली घेतला. "वाटली थोडी. खोटं कशाला बोलू? माझं प्लास्टर तुम्ही सगळ्यांसमोर फोडायला लावायचात आणि पुन्हा करून घ्यायचात. मी बाथरूममध्ये जाऊन रडायचे."

"मग आज वचपा काढलास?"

"वचपा काढायचा असता तर 'चालतं' म्हटलं असतं आणि पुढं जखम झाल्यावर तुमचं नाव निघू दिलं असतं."

 थोरलीनं फोन तिच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि 'दाखवा' या शब्दावर बोट ठेवलं. पहिल्यांदा दाबलं गेलंच नाही. तिनं पुन्हा दाबलं.

काही दिवसांनी एक बाई आपल्या मुलीला घेऊन प्लास्टरच्या खोलीत आली. मुलीचं बोट दारात सापडलं होतं. थोरलीनं कापूस हातात घेतला तशी बाई फोन बघत चाचरत म्हणाली, "मावशी, रागावू नका हं. पण यात लिहिलंय, लहान मुलांचं तुम्ही एकट्या करत नाही."

"बरोबर लिहिलंय," थोरली म्हणाली.

ती दारापर्यंत गेली. व्हरांड्यात रुग्ण, नातेवाईक, खिडकीवरची मुलगी, सगळे होते. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं, येतेस का जरा? लहान बोट आहे. मला जमायचं नाही."

धाकटी हात धुऊन आली. तोवर थोरलीनं घमेल्यात पाणी घेतलं, ते बेताचं कोमट आहे ना ते पाहिलं आणि स्टूल उजेडात सरकवून ठेवलं. मुलगी हात मागं ओढायला लागली तेव्हा थोरली खाली बसली आणि तिनं मुलीचं कोपर आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरलं. तिच्या डोळ्यांपुढं, वीतभर अंतरावर, धाकटीचे तळवे ओल्या पांढऱ्या पट्टीवरून फिरत होते. पोटात दुखायचं ते दुखलंच. कोपर मात्र तिनं जराही हलू दिलं नाही.