तीन निळे नमुने

मी मोज्यांच्या कारखान्याची इमारत. वय अठ्ठावन्न, मजले चार, खांब अठ्ठेचाळीस. ऐकू सगळं येतं, बोलायची वेळ कधी आली नव्हती. पण मला पाडायचं यंत्र दोन दिवस फाटकात उभं होतं. ते दोन दिवस कसे गेले, हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

माझं बांधकाम घाईत झालं नाही. ओल्या काँक्रीटवर मालक रोज सकाळी स्वतः पाणी मारायचे. गवंडी चिडवायचे, "मालक, खांब लावलेत की झाडं?" पुढं तीस-पस्तीस वर्षं विणायची यंत्रं माझ्या अंगावर धडधडली. मला त्यांची इतकी सवय झाली की सुट्टीच्या दिवशी करमायचं नाही. पश्चिमेच्या टोकाला रंगखातं होतं. तिथं निळं, खारट पाणी वर्षानुवर्षं सांडलं आणि तिथल्या सहा खांबांनी ते मुकाट्यानं पिऊन घेतलं.

मग कारखाना बंद पडला. माणसांची एक खोड आहे, जिथं काम उरत नाही तिथं ती अडगळ आणून टाकतात. माझ्यात मोडक्या खुर्च्या आल्या, पाठोपाठ कबुतरं आली. गेल्या वर्षी मालक वारले आणि मी त्यांच्या दोन मुलांकडे आले. थोरलीला माझ्यात राहती घरं करायची होती. धाकट्याला मला पाडून नवी इमारत उठवायची होती.

त्यानं माझी तपासणी करवली. खांबांना भोकं पाडून मनगटाएवढे जाड तीन दंडगोल काढले, प्रयोगशाळेत दाबून फोडले. अहवाल आला, काँक्रीट कमकुवत. अहवालामागोमाग यंत्र आलं.

त्याच सकाळी थोरली एका इंजिनिअर बाईंना घेऊन आली. बाईंनी अहवालातले फोटो खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि भोकं पाडणाऱ्या मिस्त्रीला हाक मारली.

"मिस्त्री, तिन्ही नमुने निळे कसे?"

"रंगखात्यातले आहेत, बाई."

"तिन्ही?"

"वीज तेवढ्याच खोलीत चालू होती. वायर पुढं पुरेना."

"अहो, म्हणजे खारट पाण्यानं खाल्लेल्या खांबांवरून, तुमच्या वायरीच्या लांबीवर अख्ख्या इमारतीला फाशी?"

"मला तीन काढ म्हणाले, मी तीन काढले. कुठून काढ, ते कुणी सांगितलं?"

धाकटा वैतागला. "ताई, बाबांच्या आठवणीपायी किती दिवस हिला कवटाळून बसणार आहेस?"

थोरली म्हणाली, "बाबा गेले रे. त्यांना धरून ठेवणं आपल्या हातात नव्हतं. ही अजून उभी आहे."

बाई म्हणाल्या, "हिचं सिमेंट भाजताना, लोखंड वितळवताना जो धूर झाला, तो होऊन गेला. हिला पाडलंत तर तेवढाच पुन्हा करावा लागेल. नवी इमारत कितीही वीज वाचवू दे, तो धूर भरून निघायला कित्येक वर्षं जातील."

"आणि नवे नमुनेही कच्चे निघाले तर?" धाकट्यानं विचारलं.

"तर पाडा म्हणून पहिली सही माझी."

मी आतून कशी आहे, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

या वेळी जनरेटर आणला. चारही मजल्यांवरून, रंगखातं सोडून, पाच नमुने काढायचे ठरले. पात्याखालून पाणी वाहत होतं, मी थरथरत होते. पाचवा दंडगोल निघताना अडकला. "तुटला का?" थोरलीनं विचारलं. मिस्त्रीनं नाही म्हणून मान हलवली, नमुना सावकाश फिरवत बाहेर ओढला. अखंड होता. पण अखंड असणं वेगळं आणि वजन पेलणं वेगळं.

दोन दिवस निकालाची वाट पाहिली. यंत्राचा ड्रायव्हर दिवसातून चारदा विचारायचा, "सुरू करू का?" धाकटा म्हणायचा, "थांब." दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचं 'थांब' सुद्धा तुटक झालं होतं.

चारच्या सुमाराला बाई स्वतः आल्या. "पाचही नमुने पक्के आहेत. रंगखातं मात्र पाडावं लागेल."

धाकट्यानं कागद दोनदा वाचला. मग फाटकाकडे चालत गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "यंत्र परत ने. सहा खांब हातानंच पाडू. बाकीच्यांना धक्का नको."

आता रंगखात्याच्या जागी उजेड आहे. ते सहा खांब मला आठवतात, पण त्यांचं जाणं योग्यच होतं. वरच्या मजल्यांवर भिंती उभ्या राहताहेत आणि स्वयंपाकघर कुठल्या बाजूला हवं यावरून बहीण-भाऊ भांडताहेत.

माझ्यासारख्या जुन्या इमारती तुमच्याही रस्त्यावर असतील. सगळ्याच धडधाकट असतील असं मी म्हणत नाही. माझेही खांब एक दिवस थकतील. तेव्हा मलाही पाडा, माझी तक्रार नसेल. फक्त चुकून पाडू नका.