अर्ध्या ठोक्यानं मागे

न्येकोला जाऊन एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा उलटला होता, आणि आता शनिवारी गावी, पाब्बोला, त्याचा शेवटचा विधी होता. म्हणजे बैल कापायचा, सगळ्या गणगोताला जेवायला घालायचं, मनसोक्त नाचायचं, आणि त्यानंतर घरानं रडणं बंद करायचं. आता त्याची धाकटी बहीण लान्येरो, तिची पंचाईत अशी की तिचं रडणं अजून सुरूच झालेलं नव्हतं. खरंच! किटगुमच्या रस्त्यावर ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली तेव्हा नाही, खड्ड्यात माती लोटली तेव्हाही नाही. दात काढताना भूल दिल्यावर गाल कसा आपला असतो आणि आपला नसतो, तशी ती अख्खीच झाली होती. जेवायची, झोपायची, गुलूच्या बाजारामागे, न्येको जिथं गाणी करायचा त्या दोस्ताच्या, ओजाराच्या, पत्र्याच्या स्टुडिओत येऊन बसायची.

आणि आईनं काय केलेलं, तर येईल त्याला सांगून ठेवलेलं, "शनिवारी माझ्या पोराचं नवं गाणं वाजणार!" गाणं होतं, पण शेपूट नसलेलं. शेवटाला भोपळ्यांचा आवाज चढवत न्यायचा राहिला होता. भोपळे म्हणजे आपले नाचातले, अर्धा कापलेला भोपळा छातीशी धरायचा आणि सायकलच्या स्पोकांच्या जुडीनं बडवायचा, ते. तो आवाज असा उकळत उकळत वर आला की पोरं पाय उचलतात. तेच नसेल तर नाचणार कशावर?

आता हा आवाज चढवायचा कसा, ते ऐका. न्येकोनं कंपालाहून एक कंट्रोलर आणला होता, एक डबा, वर बडवायला रबरी पॅड आणि बाजूला फिरवायचे नॉब. आणून जोडला तर पॅड बोलले, नॉब मुके! ओजाराच्या लॅपटॉपवरचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर त्या नॉबना ओळखायलाच तयार नाही. न्येको पेटला. ओजारानं माऊसनं आवाज चढवायला सांगितलं तर म्हणाला, "मोजे घालून लापशी ढवळू का मी?" मग त्यानं अशी युक्ती काढली की आपण नॉब फिरवायचा, मुका तर मुका, आणि लान्येरोनं शेजारी बसून त्याच्या हाताकडं बघत पडद्यावरची पट्टी माऊसनं सरकवायची. त्याचा हात वर, हिची पट्टी वर. सगळी गाणी अशीच झाली!

"शेपटी आहेस का गं माझी? कायम मागंच!"

"मग हळू पळ की, कुत्र्या!"

असं चालायचं त्यांचं.

तर बुधवारी ती आली तर ओजारा दारातच नाचत होता. "लामेरा, बहिणी, ये, बस, बघ! सापडलं!" त्यानं कुठून तरी एक छोटासा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता, दुभाष्यासारखा. नॉब फिरला की हा मध्येच पकडणार आणि सॉफ्टवेअरला कळेल अशा भाषेत सांगणार. त्यानं नॉब फिरवला, आणि पडद्यावरची पट्टी आपोआप सरकली.

लान्येरो बघत राहिली. पट्टीवर कुणाचाच हात नव्हता.

"काहीतरी बोल की! हे सापडायला माझे केस गळायचे बाकी राहिले."

"छान आहे," ती म्हणाली.

"छान? लापशी छान असते. हे... जाऊ दे. फिरव. तूच फिरव, तुझा भाऊ आहे."

तिनं फिरवला. भोपळे चढले, गुळगुळीत, तेल लावल्यासारखे. ओजारानं टाळी वाजवली. तिला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

तेवढ्यात आई आली, डोक्यावर टोपली, टोपलीत मलाक्वांगची भाजी आणि रताळी. आई म्हणजे तरुणपणी नाचात सगळ्यांच्या पुढं असायची. ओजारा म्हणाला, "या मेगो, या आई, ऐका तुमच्या लेकाचं!" गाणं लागलं. टोपली खाली ठेवता ठेवताच आईचे पाय हलायला लागले, खांदे हलले, आणि भोपळे चढले तशी आई अडखळली. परत लावलं. परत त्याच जागी पाय चुकला.

"हे कुणाचं आहे?" आईनं विचारलं.

"न्येकोचंच की, मेगो."

"नाही. त्याचं असतं तर माझा पाय बरोबर पडला असता. त्याचं कसं, आपण पाय उचलून धरतो, वाटतं आलं, आलं, येत नाही, आणि मग येतं. हे लगेच येतंय. सरकारी नोकरासारखं घड्याळ बघून."

ओजारानं घाईघाईनं जुनी गाणी उघडली, पडद्यावर मोठी करून बघितली, आणि हळूहळू लान्येरोकडं वळला. "अगं, प्रत्येक गाण्यात भोपळ्यांचा चढ अर्ध्या ठोक्यानं मागं आहे. सगळ्या गाण्यांत! मला वाटायचं ही त्याची कला."

"मी मागं असायचे," लान्येरो म्हणाली. "हात बघून मग सरकवायचे ना. उशीर व्हायचाच."

इतकी लग्नं, इतकी गावं, सगळे तिच्या उशिरावर पाय उचलत होते, आणि तिला त्याचंही काही वाटेना. दुसऱ्या कुणाबद्दल ऐकल्यासारखं.

"बंद कर तो दुभाष्या," ती म्हणाली.

"अगं, पण चालतोय तो!"

"बंद कर रे. आई, तू इथं बस. हा फिरव."

"मला काय येतंय त्यातलं! ह्या डब्याला मी आजवर शिवलेसुद्धा नाही."

"भोपळा वाजवतेस तसा चढव. चुकला तरी चालेल. ह्याला काही कळत नाही, तो मुका आहे. मी मागनं येते."

आईनं हात कमरेच्या कापडाला पुसला, बोटं नॉबवर ठेवली, दोनदा उचलली, परत ठेवली. गाणं सुरू झालं. लान्येरोनं माऊस धरला, पडद्याकडं न बघता आईच्या हाताकडं बघायला लागली. अंगठा न्येकोसारखाच बाहेर काढलेला, हे तिनं आजवर पाहिलंच नव्हतं. हात फिरायला लागला. ती मागनं गेली. भोपळे उकळत वर आले, थांबलेसे वाटले, आणि मग आले. टेबलाखाली आईची टाच बरोबर पडली.

"झालं," ओजारा म्हणाला. तो तोंड फिरवून वायरी गुंडाळायला लागला. "झालं, मेगो. शनिवारी वाजणार."

लान्येरोनं स्वतःच्या आत चाचपून बघितलं. काहीच नव्हतं. डोळे कोरडे. गाणं मात्र झालं होतं.

पण आईचा हात काही थांबेना. गाणं संपलं, लॅपटॉप गप्प, तरी ती मुका नॉब हळूहळू फिरवतच होती, वर, खाली, वर. आणि लान्येरो माऊस न सोडता तिच्या मागनं जात राहिली, अर्ध्या ठोक्यानं.